सॅम्युअल पीप्सच्या मागोमाग: सतराव्या शतकातलं इंग्लंड कसं बघावं

इंग्लंडचा इतिहास बघायला निघालेले बहुतेक लोक स्टोनहेंजपासून चर्चिलच्या बंकरपर्यंत सगळं आठ-दहा दिवसांत बसवतात. परत येईपर्यंत सगळे राजवाडे एकसारखे वाटू लागतात आणि कोणत्या हेन्रीने काय केलं ते आठवत नाही. याला उपाय एकच. एक शतक निवडा, त्या शतकातला एक माणूस निवडा आणि तो जिथे जिथे गेला तिथे जा.

सतराव्या शतकासाठी सॅम्युअल पीप्ससारखा सोबती नाही. लंडनच्या एका शिंप्याचा हा मुलगा. जन्म २३ फेब्रुवारी १६३३, मृत्यू २६ मे १७०३. आरमाराच्या कचेरीत नोकरीला लागला आणि पुढे आरमार खात्याचा सचिव झाला. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ एवढा काळ त्याने लघुलिपीत रोजनिशी लिहिली. संसदेशी यादवी युद्धात हरलेल्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद त्याने पंधराव्या वर्षी पाहिला होता. त्या राजाच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, गादीवर बसवायला हॉलंडहून परत आणणाऱ्या ताफ्यात पीप्स होता. प्लेग, लंडनची आग, डच आरमाराचा हल्ला, सगळं त्याच्या काळात घडलं. पोर्तुगीजांनी मुंबई बेटाच्या बाबतीत आपल्याला फसवलं, ही कुरकुरही त्याने १६६३ मध्ये नोंदवली आहे.

निघण्याआधी काय वाचावं

रोजनिशी दहा लाखांहून जास्त शब्दांची आहे. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर पहिल्या महिन्यातच दमाल. त्याऐवजी पुढच्या तारखा वाचा: २३ मे १६६० (राजा जहाजावर चढला तो दिवस), १३ ऑक्टोबर १६६०, ५ फेब्रुवारी १६६१, ७ जून १६६५, २ ते ७ सप्टेंबर १६६६ आणि १२ जून १६६७ पासूनचे चार-पाच दिवस. एवढं वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. इंटरनेटवर फुकट मिळते ती १८९०च्या दशकातली व्हीटलीची आवृत्ती. तिच्यात त्या काळाला अश्लील वाटलेला मजकूर गाळलेला आहे. या सहलीसाठी तेवढ्याने काही अडत नाही, पण पीप्स माणूस म्हणून पूर्ण कळायला हवा असेल तर लेथम आणि मॅथ्यूज यांची १९७० पासून निघालेली अकरा खंडांची आवृत्ती ग्रंथालयातून मिळवा.

तारखांमध्ये हमखास घोळ होतो. इंग्लंडने १७५२ पर्यंत जुलियन पंचांग वापरलं. सतराव्या शतकात ते आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे होतं. त्यात भर म्हणजे सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला म्हणतो, पण त्या काळच्या कागदावर किंवा थडग्यावर वर्ष १६४८ दिसतं. ती चूक नाही. जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतची कोणतीही तारीख दिसली की वर्ष तपासून घ्या. मोबाइलच्या कॅलेंडरवर वार शोधायला गेलात तरी फसाल. आग लागली तो २ सप्टेंबर १६६६ पीप्सच्या नोंदीत रविवार आहे. मोबाइल गुरुवार दाखवेल, कारण तो ग्रेगोरियन हिशोब मागे ताणतो.

हा दहा दिवसांचा फरक आपल्याही ओळखीचा आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुलियन पद्धतीची आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस १६ जून येतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी त्याच दिवशी जुळते. रायगडावर तेव्हा हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन दुसऱ्या चार्ल्सच्या प्रजेपैकीच होता, आणि तारखा इंग्रजी पद्धतीनेच लिहीत होता.

कोणत्या वारी कुठे

वार आधी ठरवा, मार्ग नंतर. लंडन शहराच्या जुन्या भागातली, म्हणजे ज्याला तिथले लोक नुसतं ‘सिटी’ म्हणतात तिथली, बरीच चर्च शनिवारी बंद असतात आणि रविवारी उघडली तरी फक्त प्रार्थनेसाठी. तो भाग मंगळवार ते गुरुवारात बसवा. उलट वेस्टमिन्स्टर हॉल आणि संसदेची फेरी मुख्यतः शनिवारी आणि संसदेला सुट्टी असते त्या दिवसांत होते. विंडसर किल्ला मंगळवार-बुधवारी बंद असतो आणि तिथलं सेंट जॉर्ज चॅपेल रविवारी पर्यटकांना बंद. लंडनबाहेरची जुनी घरं नोव्हेंबर ते मार्च एकतर बंद असतात, नाहीतर फक्त शनिवार-रविवारी उघडतात. या सहलीला एप्रिलचा शेवट ते सप्टेंबर हाच काळ बरा. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या वेळेआधी तासभर थांबतो, हेही लक्षात ठेवा. चारला पोहोचून साडेचारला बंद होणाऱ्या दारातून परतलेले लोक दर जागी दिसतात.

पहिला दिवस: व्हाइटहॉल, जसं घडलं तसं

हा जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता आहे. बहुतेक लोक ट्रफाल्गर चौकातून दक्षिणेला चालत जातात. तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेला चाला, कारण घटना त्याच क्रमाने घडल्या.

सुरुवात वेस्टमिन्स्टर हॉलपासून करा. १०९७ साली विल्यम रूफसने बांधलेलं हे दालन सुमारे ७३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे. वरचं ओकचं छत १३९०च्या दशकात दुसऱ्या रिचर्डने घातलं. मध्ये एकही खांब नाही. दक्षिण टोकाच्या पायऱ्यांवर एक पितळी पट्टी जडवली आहे. २० जानेवारी १६४९ ला इथे पहिल्या चार्ल्सवर खटला सुरू झाला आणि २७ ला शिक्षा सुनावली गेली. त्याच्या देहदंडाच्या हुकुमावर एकोणसाठ जणांच्या सह्या आहेत. लोक वर छताकडे बघत पायऱ्या चढतात आणि पट्टी पायाखाली जाते. फेरीचं तिकीट मिळालं नाही तर संसदेचं अधिवेशन चालू असताना चर्चा ऐकायच्या गॅलरीत विनामूल्य जाता येतं, आणि तिकडे जायची वाट याच दालनातून आहे. सुरक्षा तपासणीला अर्धा तास सोडा.

बाहेर आल्यावर हॉलच्या भिंतीलगत ऑलिव्हर क्रॉमवेलचा, म्हणजे राजाला हरवणाऱ्या आणि नंतर देशाचा सत्ताधीश झालेल्या संसदेच्या सेनापतीचा, पुतळा आहे, १८९९ मध्ये बसवलेला. त्याच्यासमोर उभं राहून रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चकडे बघा. चर्चच्या पूर्वेकडच्या दाराच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात, पहिल्या चार्ल्सचा शिशाचा छोटा अर्धपुतळा आहे. राजा थेट क्रॉमवेलकडे बघतो आहे. पीप्सचं लग्न १६५५ मध्ये याच चर्चमध्ये नोंदलं गेलं. आणि ५ फेब्रुवारी १६६१ च्या नोंदीत तो लिहितो, की क्रॉमवेल, राजाच्या खटल्यातला मुख्य न्यायाधीश ब्रॅडशॉ आणि क्रॉमवेलचा जावई आयर्टन यांची मुंडकी वेस्टमिन्स्टर हॉलवर लावलेली पाहिली. क्रॉमवेल १६५८ मध्ये मेला आणि त्याला शेजारच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत पुरलं होतं. राजेशाही परत आल्यावर प्रेत उकरून काढलं आणि ३० जानेवारी १६६१ ला, म्हणजे राजाच्या शिरच्छेदाच्या तारखेलाच, टायबर्नच्या फासावर लटकवलं. अॅबीच्या पूर्व टोकाच्या चॅपेलात त्या रिकाम्या जागेवर फरशीत एक दगड बसवला आहे.

आता व्हाइटहॉलने उत्तरेला. उजवीकडे बँक्वेटिंग हाउस लागतं. इनिगो जोन्सने १६२२ मध्ये पूर्ण केलेली ही इमारत. व्हाइटहॉलचा बाकीचा सगळा राजवाडा १६९८ च्या आगीत गेला, ही तेवढी उरली. आत छतावर रुबेन्सची चित्रं आहेत. पहिल्या चार्ल्सने बापाच्या गौरवासाठी ती करून घेतली आणि ३० जानेवारी १६४९ ला त्याच छताखालून चालत तो वधस्तंभाकडे गेला. थंडीने अंग कापलं तर लोकांना ती भीती वाटेल, म्हणून त्याने त्या दिवशी दोन सदरे घातले होते. ज्या खिडकीतून तो बाहेर पडला ती आज नाही. बाहेरचा दगडही एकोणिसाव्या शतकात नव्याने लावलेला आहे. दारावरचा राजाचा अर्धपुतळा जागा साधारण दाखवतो, एवढंच. दुरुस्तीच्या कामांमुळे ही इमारत वर्षातले मोजकेच दिवस उघडते, तेव्हा तारीख बघितल्याशिवाय आतला भाग कार्यक्रमात धरू नका.

रस्त्यापलीकडे हॉर्स गार्ड्सच्या दारात घोडेस्वारांसोबत फोटो काढायची गर्दी असते. तुम्ही मान वर करून घड्याळ बघा. तबकडीवर दोनच्या आकड्यापाशी काळा ठिपका आहे. राजाचा शिरच्छेद दुपारी दोनच्या सुमारास झाला, त्याची ही खूण. इमारत मात्र अठराव्या शतकातली आहे. म्हणजे ठिपका ही घटनेची नव्हे, तर घटनेच्या आठवणीची खूण. प्रत्येक जागी हा फरक करायची सवय लावून घ्या. कोणती गोष्ट त्या दिवसाची, कोणती नंतरच्या लोकांनी लावलेली?

शेवट चेअरिंग क्रॉसला. चौकाच्या दक्षिण टोकाला वाहनांच्या वळणात पहिल्या चार्ल्सचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १६३३ मध्ये ओतला. यादवी युद्धानंतर भंगारात विकला गेला आणि घेणाऱ्या तांबटाने तो वितळवण्याऐवजी दडवून ठेवला. दुसऱ्या चार्ल्सच्या काळात तो इथे बसवला गेला. त्याआधी, १३ ऑक्टोबर १६६० ला, याच जागी मेजर जनरल हॅरिसनला राजाच्या देहदंडाच्या हुकुमावर सही केल्याबद्दल मारलं. ते पीप्सने बघितलं आणि लिहिलं, की व्हाइटहॉलला राजाचा शिरच्छेद पाहिला होता, आता त्या रक्ताचा पहिला सूडही पाहिला. ही नोंद पुतळ्याशी उभं राहून वाचा. अकरा वर्षांचं अंतर आणि मधला रस्ता, दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात.

दुसरा दिवस: आगीचं लंडन

फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्समध्ये पीप्सचा बाप्तिस्मा झाला. तिथून सेंट पॉल्सला चालत जा. कथीड्रलचं तिकीट महाग आहे, ऑनलाइन आधी काढलं तर थोडं स्वस्त पडतं. संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला प्रवेश फुकट असतो, पण तेव्हा एका जागी बसून राहावं लागतं, थडगी बघत फिरता येत नाही. ज्यासाठी इथे यायचं ती गोष्ट दक्षिणेकडच्या बाजूच्या वाटेत आहे: कवी आणि इथला डीन (मुख्य धर्मगुरू) जॉन डन याचा कफनात गुंडाळलेला संगमरवरी पुतळा. जुन्या कथीड्रलमधून धड वाचलेलं हे एकमेव स्मारक. पायाजवळचं भांडं बघा. १६६६ च्या आगीने करपल्याचे डाग त्यावर अजून दिसतात. डोमच्या टोकापर्यंत ५२८ पायऱ्या आहेत. गुडघे धड नसतील तर त्या सोडा, पण डनला सोडू नका.

मॉन्युमेंट नावाचा स्तंभ २०२ फूट उंच आहे आणि पुडिंग लेनमधल्या ज्या भटारखान्यात आग लागली तो त्याच्यापासून २०२ फुटांवर होता. वर जायला ३११ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वर चढणारे नि उतरणारे त्याच अरुंद गोल जिन्यात. सकाळी उघडताच गेलात तर धक्काबुक्की होत नाही. खालच्या शिलालेखात एके काळी आगीचं खापर कॅथलिकांवर फोडणारी ओळ होती. ती १८३० मध्ये छिन्नीने काढली.

पुढे हार्ट स्ट्रीटवरचं सेंट ओलाव्ह. आवाराच्या फाटकावर १६५८ सालच्या दगडी कवट्या आहेत. पीप्सची कचेरी आणि घर शेजारच्या सीदिंग लेनमध्ये होतं आणि हे त्याचं रोजचं चर्च. बायको एलिझाबेथ १६६९ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी वारली. तिचा अर्धपुतळा वेदीच्या उत्तरेकडच्या भिंतीवर उंच बसवला आहे. तोंड किंचित उघडं, जणू बोलता बोलता थांबली आहे. तिची नजर समोरच्या भिंतीकडे वळवली आहे, जिथे आरमार कचेरीच्या लोकांची बसायची गॅलरी होती, म्हणजे पीप्सची जागा. पुतळा खालून नीट दिसत नाही, छोटी दुर्बीण ठेवा. दोघंही वेदीखाली पुरलेले आहेत. चर्चवर १९४१ मध्ये बॉम्ब पडला होता, त्यामुळे छत आणि बरंच काही नंतरचं आहे.

सीदिंग लेनच्या बागेत पीप्सचा पुतळा आणि फरशीत कोरलेली रोजनिशीतली दृश्यं आहेत. त्यात एक चीजही आहे. ४ सप्टेंबर १६६६ ला आग जवळ येताना त्याने वाइन आणि पार्मेझान चीज खड्ड्यात पुरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो ऑल हॅलोजच्या मनोऱ्यावर चढून जळलेलं शहर बघत होता. ते चर्च टॉवरच्या दारातच आहे, प्रवेश फुकट. सेंट ब्राइड्सपासून इथपर्यंत चालणं तीन किलोमीटरच्या आत, पण पूर्ण दिवस धरा.

हंटिंगडन आणि केंब्रिज

लंडनच्या सेंट पँक्रस किंवा किंग्ज क्रॉसहून हंटिंगडनला गाडीने साधारण तासभर लागतो. तिथलं क्रॉमवेल संग्रहालय एका छोट्या जुन्या शाळेत आहे. या शाळेत आधी क्रॉमवेल शिकला आणि नंतर पीप्स. तिथून बसने केंब्रिजला या. मॉडलिन कॉलेजमध्ये पीप्सचं ग्रंथालय आहे: बरोबर तीन हजार पुस्तकं, त्याने स्वतः करून घेतलेल्या बारा ओकच्या कपाटांत, उंचीच्या क्रमाने. एका ओळीतल्या सगळ्या पुस्तकांच्या माथ्याची रेघ सरळ यावी म्हणून त्याने बुटक्या पुस्तकांखाली लाकडाचे ठोकळे करून बसवले आहेत. वाकून बघितलं तर ते दिसतात. रोजनिशीचे सहा खंडही इथेच. ग्रंथालय दिवसातले थोडेच तास उघडतं आणि कॉलेजच्या सत्राप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून आधी वेळा बघून मग गाडीचं तिकीट काढा.

पाच-सात मिनिटांवर सिडनी ससेक्स कॉलेज आहे. क्रॉमवेलचं मुंडकं तीनशे वर्षं हातोहाती फिरून १९६० मध्ये इथे पुरलं गेलं. नेमकी जागा सांगत नाहीत. चॅपेलच्या बाहेरच्या खोलीत फक्त पाटी आहे. दारवानाला विचारून आत जा.

दिवस उरला असेल तर ईलीला जा. क्रॉमवेल १६३६ ते १६४६ तिथे राहत होता, घर बघता येतं. कथीड्रलच्या लेडी चॅपेलमध्ये शेकडो मूर्तींची डोकी उडवलेली आहेत आणि बघणारे ते क्रॉमवेलच्या खात्यावर टाकतात. ती फोडली ती शंभर वर्षं आधी, आठव्या हेन्रीच्या धर्मबदलात. तेव्हाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. ऑलिव्हर हा त्याच्या बहिणीच्या वंशातला. कुठल्याही चर्चमध्ये ‘क्रॉमवेलने फोडलं’ असं ऐकलं की ‘कोणत्या?’ असं विचारा.

राजा लपला त्या जागा

३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरला दुसऱ्या चार्ल्सचा पराभव झाला आणि सहा आठवडे तो लपतछपत फिरून ऑक्टोबरच्या मध्यात शोरहॅमहून फ्रान्सला निसटला. डोक्यावर हजार पौंडांचं बक्षीस होतं आणि अंगाने तो सहा फुटांहून उंच, म्हणजे गर्दीत लपणं कठीण. १६६० मध्ये जहाजाच्या डेकवर येरझाऱ्या घालत राजा ही हकिकत सांगत होता आणि पीप्स ऐकत होता. पीप्सची २३ मेची नोंद याच हकिकतीची आहे.

बॉस्कोबेल हाउस आणि मोझली ओल्ड हॉल, दोन्ही वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपास आहेत. बॉस्कोबेलला धड बस जात नाही. वुल्व्हरहॅम्प्टनला गाडी भाड्याने घ्या (भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत चालवता येते) किंवा टॅक्सी दोन्ही जागांसाठी एकदम ठरवा. परतीची टॅक्सी आधी सांगितली नसेल तर तिथे अडकाल, मोबाइलला रेंजही धड नसते. ६ सप्टेंबरला राजा आणि कर्नल केअरलेस दिवसभर ज्या ओकवर बसले ते झाड स्मरणचिन्हं नेणाऱ्यांनी तोडतोडून संपवलं. आजचं झाड त्याचं वंशज मानलं जातं.

मोझली मात्र अस्सल आहे. राजा झोपला तो पलंग तिथेच आहे, आणि शेजारच्या कपाटाच्या तळात, फळी उचलली की, कॅथलिक पाद्र्यांना लपवायचा खड्डा. एवढा उंच माणूस त्यात गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय मावत नाही. शिपाई घराच्या दारात असताना राजा यात होता. त्या घरात लपून राहणाऱ्या फादर हडलस्टनने १६८५ मध्ये मरणशय्येवर त्याच राजाला कॅथलिक धर्मात घेतलं. इथला मार्गदर्शक फळी उचलून दाखवतो. गर्दीच्या मागे उभे राहू नका.

इयम

डर्बीशायरचं हे गाव पीप्सच्या वाटेवर नाही, तरी वगळू नका. ७ जून १६६५ ला पीप्सने ड्रुरी लेनमध्ये दारांवर लाल फुल्या पाहिल्या. त्याच सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडाबरोबर प्लेग इयमला पोहोचला आणि शिंप्याचा मदतनीस पहिला गेला. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्याआधीचा थॉमस स्टॅनली यांनी गाव स्वतःहून बंद केलं. सुमारे २६० माणसं गेली. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर शेतात सीमेचा दगड आहे, त्यात भोकं आहेत. त्यात व्हिनेगर भरून नाणी ठेवत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जात. भोकांची कड बोटांनी गुळगुळीत झाली आहे. गावाबाहेर अर्ध्या मैलावर रायली थडगी आहेत. एलिझाबेथ हॅन्कॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. शेफील्डहून बस आहे. ग्राइंडलफोर्ड स्टेशनहून चालत यायचं तर सुमारे चार किलोमीटर, बरीचशी चढण. बूट चांगले हवेत, पावसानंतर शेतातल्या वाटा घसरतात.

पोर्ट्समथ, आणि मुंबईचा धागा

लंडन वॉटर्लूहून पावणेदोन तास धरा. बहुतेक लोक स्टेशनातून सरळ युद्धनौका बघायला जातात. तुम्ही आधी जुन्या पोर्ट्समथमध्ये रॉयल गॅरिसन चर्चला जा. १२१२ च्या सुमारास दवाखाना म्हणून बांधलेली ही वास्तू. २१ मे १६६२ ला दुसऱ्या चार्ल्सचं पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न इथे झालं. २३ जून १६६१ च्या तहाने हुंड्यात जे आलं त्यात मुंबई होती. अर्धं चर्च आज बिनछपराचं आहे, जानेवारी १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात छत गेलं. हे ठरावीक दिवशीच उघडतं, पण बंद असलं तरी उघडा भाग बाहेरून दिसतो.

बेटाचा ताबा घ्यायला गेलेल्या अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी मुंबई दिलीच नाही. त्याची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगराईने मेली, तोही तिथेच गेला, आणि उरलेल्यांना घेऊन हम्फ्री कुकने १६६५ मध्ये ताबा घेतला. पीप्सची कुरकुर या काळातली. २७ मार्च १६६८ ला राजाने बेट वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकलं.

पोर्ट्समथ हार्बरहून बोटीने समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर राइडला, तिथून बसने न्यूपोर्टला आणि पुढे थोडं चालत कॅरिसब्रुक किल्ल्यावर जाता येतं. पहिला चार्ल्स इथे कैदेत होता आणि मार्च १६४८ मध्ये पळताना खिडकीच्या गजांत अडकला. दिवसभराची बेगमी करून जा, शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच टिपून घ्या.

पास आणि तिकिटं

कॅरिसब्रुक, बॉस्कोबेल आणि १६६७ मध्ये डच हल्ला झाला तिथला केंटमधला अप्नर किल्ला, तिन्ही इंग्लिश हेरिटेजकडे आहेत. परदेशी पर्यटकांसाठी त्यांचा नऊ आणि सोळा दिवसांचा पास असतो. तीनपेक्षा जास्त जागा बघणार असाल तरच घ्या. मोझली नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिथे हा पास चालत नाही. दोघं मिळून फिरणार असाल तर दोघांचं रेलकार्ड काढा. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, पण कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊआधी ते चालत नाही, आणि दोघांनी एकाच गाडीत असायला हवं.

गावातलं चर्च कसं वाचावं

वाटेत लागलेल्या चर्चमध्ये चार गोष्टी बघा. दारावर किंवा भिंतीवर रंगवलेलं राजचिन्ह: १६६० नंतर ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. खाली सी आणि आर (कॅरोलस रेक्स, म्हणजे राजा चार्ल्स) ही अक्षरं आणि साल दिसतं का बघा. पुढच्या राजांनी अक्षरं बदलून तोच फळा वापरल्याचं रंगाखालून कळतं. मग फरशीतले काळे दगड, त्यावरची वर्षं (आणि जानेवारी-मार्चचा घोळ). कोनाड्यांतल्या रिकाम्या जागा. आणि शेवटी कडा धारदार असलेले दगड, चकचकीत नक्षीच्या फरश्या, पिवळसर लाकडाची बाकं: हे सगळं बहुधा व्हिक्टोरियाच्या काळातलं, दुरुस्तीत आलेलं. हे आधी वजा करा, मग उरलेलं जुनं.

कागद बघायचे असतील तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, सेंट पँक्रसला, इंडिया ऑफिसची दफ्तरं आहेत. त्यात कंपनीच्या सुरत आणि मुंबई वखारींचे कागद आहेत. वाचकाचा पास फुकट मिळतो. ओळख आणि राहता पत्ता, दोन्हींचा पुरावा लागतो, काय चालतं ते आधी बघून घ्या. हवे ते क्रमांक आधी नोंदवून मागवा, कारण सगळे कागद त्याच दिवशी हातात येत नाहीत. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल न्या. आणि सतराव्या शतकाचं हस्ताक्षर पहिल्या दिवशी वाचता येत नाही, म्हणून ज्याचा छापील मजकूर उपलब्ध आहे असा एखादा कागद आधी मागवून अक्षरं ओळखायचा सराव करा.